ओली भिंत आतून रंगवू नका : गोव्यातील गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आम्ही गोव्यात इमारत दुरुस्तीच्या कामात असलेली माणसं आहोत. आमच्यात स्थापत्य अभियंते आहेत, गवंडी आहेत, रंगारीही आहेत. पणजी, पर्वरी, म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को, कुठल्याही संस्थेत जुलै उलटला की त्याच तक्रारी येतात: बेडरूमच्या भिंतीला ओल, खिडकीखाली पोपडे, कपाटामागे बुरशी. समिती कोटेशनं मागवते. त्यातलं सर्वांत स्वस्त आणि झटपट कोटेशन हमखास 'आतून वॉटरप्रूफ कोटिंग' असतं. चवथ तोंडावर आलेली असते, पाहुणे यायचे असतात, म्हणून काम घाईने उरकतं, आणि दिवाळीपर्यंत तो रंग फुगून आलेला असतो. तुमच्याकडे आमचं मागणं एवढंच आहे की पाणी कुठून शिरतंय हे लेखी ठरल्याशिवाय ओलीच्या कामाची निविदा काढू नका, आणि काम बाहेरच्या बाजूने सुरू करा.

गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही. नैऋत्येचा आणि पश्चिमेचा वारा त्याला आडवा करून भिंतीवर मारतो. जुन्या घरांनी याची तजवीज छपरातच केली होती: नळ्यांचं छप्पर पार खाली उतरलेलं, भोवती रुंद पडवी, आणि मातीच्या भिंती असतील तर पावसाळ्यापुरती विणलेल्या झावळ्यांची झापं. भिंतीला पाऊस लागूच द्यायचा नाही, असा तो हिशेब होता. आजची चार-पाच मजली इमारत उघडी उभी असते, छज्जा जेमतेम दीड फुटाचा, आणि पाऊस अडवायचं सगळं काम २० मिमी गिलाव्यावर सोपवलेलं. त्या गिलाव्याला केसाएवढी भेग पडली तरी वाऱ्याच्या दाबाने पाणी आत ओढलं जातं. म्हणून पश्चिम आणि नैऋत्य बाजूच्या फ्लॅटमध्ये ओल जास्त, आणि त्याच मजल्यावरचा पूर्वेकडचा फ्लॅट कोरडा, हे चित्र सगळीकडे दिसतं.

पण भिंतीवरची प्रत्येक ओल पावसाचीच असते असं नाही, आणि इथेच पहिली चूक होते.

पावसाची आत झिरपलेली ओल पावसाबरोबर वाढते आणि उघडीप पडली की आक्रसते. ती कुठल्याही उंचीवर येते: खिडकीच्या कोपऱ्यात, बीमखाली आडव्या पट्ट्यात, छज्ज्याच्या रेषेत. ती ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखा आणि शेजारी तारीख लिहा. मोठी सर येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आखा, तीन-चार दिवसांच्या उघडिपीनंतर पुन्हा. रेघा आत-बाहेर सरकत असतील तर पाणी बाहेरच्या पावसाचं. डाग जानेवारीतही तेवढाच ओला असेल तर नळ, संडास-बाथरूम किंवा टाकीकडे बघा. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला तर पाइप गळतोय. मीटर हलला नाही तर वरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मोरीचं तोंड बुजवून २५ मिमी पाणी ४८ तास भरून ठेवा. त्यात थोडा रंग मिसळला तर खाली उतरलेलं पाणी कुठलं याबद्दल वाद उरत नाही.

जमिनीतून चढणारी ओल तळमजल्यावरच असते. ती फरशीपासून सलग वर येते, साधारण मीटरभर उंचीवर थांबते, आणि तिच्या वरच्या कडेला लोणा (क्षारांचा पांढरा भुसभुशीत थर) फुटतो. तळमजल्याचीच आणखी एक ओल पर्वरीसारख्या चढावावरच्या जागी फार दिसते: इमारतीची मागची भिंत कापलेल्या डोंगराला लागून असते आणि भिंतीमागची भिजलेली माती चार महिने पाणी आत ढकलत राहते. ती चढणारी नव्हे, आडवी शिरणारी ओल आहे. तिथे भिंतीवर काहीही फासलं तरी टिकत नाही. मागची माती फरशीच्या पातळीखाली उतरवावी लागते, किंवा भिंतीलगत चर खणून त्यात जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळलेली २० मिमी खडी आणि तळाशी भोकांचा पाइप, १०० ला १ उतार देऊन, टाकावा लागतो. भिंतीलगत बागेचे वाफे भरून घेतलेल्या संस्थांनाही हेच लागू आहे.

तिसरा प्रकार हल्ली वाढलाय, आणि लोक त्यालाही गळती समजतात. पावसाळ्यात गोव्याच्या हवेचा दवबिंदू २४ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून थंड पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमतंच. एका खोलीत एसी २० अंशांवर रात्रभर चालतो आणि मधली भिंत चार इंची असते, तेव्हा पलीकडच्या खोलीत त्या भिंतीला घाम फुटतो. अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा फूटभर चौकोन चारी बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवसांनी पाहा. पाणी फॉइलच्या वर असेल तर ते हवेतलं, फॉइलच्या खाली असेल तर भिंतीतलं.

आणि मीठ. समुद्राकडून येणारा वारा, धुतल्याशिवाय वापरलेली खाडीची वाळू, किंवा वर्षानुवर्षं पाणी झिरपून वर आलेले क्षार, कारण कुठलंही असो, मीठ भरलेला गिलावा स्वतःच हवेतली ओल शोषतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ पाणी ओढू लागतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती सरसकट ८५ च्या पुढे असते. त्यामुळे गळती पूर्ण बंद झाल्यावरही जुना डाग पुढच्या जूनमध्ये ओला दिसतो आणि समिती 'काम फसलं' म्हणून ठेकेदाराशी भांडते. पिनांचं ओल मोजायचं यंत्रही इथे फसवतं, कारण खारट भिंत कोरडी असली तरी ते जास्तच आकडा दाखवतं. त्या यंत्राचा उपयोग एकाच भिंतीवरच्या दोन जागांची तुलना करण्यापुरताच करावा. खारावलेला गिलावा डागाच्या कडेपासून आणखी ३०० मिमीपर्यंत खरवडून चिऱ्यापर्यंत (जांभ्या दगडापर्यंत) काढावा, सांधे १५ मिमी खोल खरडावेत, कोरड्या ब्रशने लोणा झाडावा. लोणा पाण्याने धुऊ नये, विरघळून तो पुन्हा आत जातो.

पाऊस नक्की कुठून शिरतो हे शोधायला सर्वांत भरवशाची चाचणी म्हणजे पाण्याचा साधा पाइप, आणि ती नोव्हेंबरनंतर, भिंत बऱ्यापैकी कोरडी झाल्यावर करायची. एक माणूस बाहेर पाइप धरून, एक आत टॉर्च घेऊन. पाणी खालून वर न्यायचं, वरून खाली कधीच नाही. वरून सुरू केलंत तर ओघळ सगळ्याच भेगांवरून जातो आणि आत आलेलं पाणी कुठल्या भेगेचं हे कळत नाही. आधी खिडकीच्या सिलखालची (सिल म्हणजे खिडकीच्या तळाची फळी) भिंत १० ते १५ मिनिटं भिजवा. आत काही नाही? मग सिल आणि फ्रेम यांचा सांधा. मग फ्रेमच्या दोन्ही बाजू, मग लिंटेल (खिडकीवरची आडवी तुळई), मग छज्जा आणि भिंत यांचा सांधा, शेवटी वरच्या बीमची रेघ. प्रत्येक टप्प्याला तेवढाच वेळ, आणि पाण्याची धार हलकी ठेवा. पाणी आत दिसलं ती वेळ आणि जागा लिहा. चिऱ्याच्या भिंतीत थोडं जास्त थांबावं लागतं, कारण तिथे पाणी दगडातून जाण्याआधी सांध्यांतून धावतं. गवंडी आडव्या सांध्यात माल नीट घालतो, पण उभे सांधे बऱ्याचदा पोकळच राहतात. वरच्या मजल्याच्या बीमपाशी शिरलेलं पाणी त्या पोकळ्यांतून उतरत चार-पाच फूट खाली, बाजूच्या खिडकीजवळ बाहेर पडतं. डाग जिथे आहे तिथेच भेग शोधणाऱ्या माणसाला ते कधीच सापडत नाही.

खिडकीची चाचणी तर कोणीही करू शकतं. स्लायडिंग खिडकीचं झडप सरकवा आणि खालच्या ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओता. ते मिनिटाभरात बाहेर गेलं पाहिजे. तुंबून राहिलं तर ट्रॅकची बाहेरची भोकं सिमेंटने, रंगाने किंवा मातीने बुजलेली आहेत. वादळी पावसात तो ट्रॅक भरतो, वारा पाणी आतल्या कडेवरून ढकलतो आणि ते सिलखालच्या भिंतीत मुरतं. भोकं तारेने मोकळी करा. मुळात नसतील तर ६ ते ८ मिमीची दोन भोकं बाहेरच्या कडेला पाडून घ्या. एवढ्याशा कामाने बंद झालेल्या 'गळत्या' आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. सिलचा उतार बाहेरच्या बाजूला हवा आणि ग्रॅनाइटच्या पुढे आलेल्या कडेखाली ठिबकण्यासाठी खाच हवी. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून परत भिंतीवर येतं. छज्ज्याच्या खालच्या कडेलाही तशीच खाच लागते, आणि जुन्या रंगांच्या थरांनी ती भरून गेलेली नाही ना, हे हात लावून पाहा.

बाकीच्या जागा थोडक्यात. बीम आणि त्याखालच्या भिंतीचा सांधा: शेवटचा थर लावताना माल ठासलेला नसतो, काँक्रीट आणि चिरा उन्हात वेगवेगळे प्रसरण पावतात, तिथे आडवी भेग पडतेच. गच्चीच्या कठड्याचा माथा: त्याला गच्चीच्या दिशेने उतार हवा, बाहेर नव्हे. एसीच्या पाइपचं भोक: ते बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. बसवणारे नेमकं उलटं पाडतात आणि पांढऱ्या पुट्टीने बुजवतात. पावसाच्या पाण्याचे उभे पाइप: क्लॅम्पची भोकं, आणि भिंतीला चिकटून बसलेल्या पाइपचा मागून गळणारा सांधा. आणि परांचीची भोकं. ओलीचे गोल डाग एका आडव्या रांगेत, सारख्या अंतरावर दिसत असतील तर बांधकामाच्या वेळी भिंतीत खोचलेल्या बांबूंची भोकं वरवर बुजवलेली आहेत, असंच समजा. म्हणून नव्या कामाला दोन्ही बाजूंनी स्वतःच्या पायांवर उभी राहणारी परांची मागा, भिंतीत खोचलेली नको.

आता दुरुस्ती. भेग हलती आहे की थांबलेली, हे आधी ठरवायला हवं. भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खुणा करून त्यांच्यातलं अंतर सकाळी आणि दुपारी तीन वाजता मोजा, महिनाभर. थांबलेली भेग १० ते १२ मिमी रुंद-खोल कापून, झाडून, ओलसर करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरा. बीमखालच्या भेगेवर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल एवढी जाळी खिळ्यांनी ताणून बसवा आणि वर गिलावा करा. हलत्या भेगेत सिमेंटचा माल टिकत नाही. तिथे १२ मिमीची चौकोनी खाच कापून, तळाशी फोमची दोरी घालून, पॉलियुरेथेन सीलंट साधारण ६ मिमी जाडीचा भरावा. ती दोरी चुकवू नका. सीलंट खाचेच्या दोन बाजूंनाच चिकटायला हवा. तळालाही चिकटला तर ताण आल्यावर तो फाटतो. साधा सिलिकॉन तर मुळीच नको, त्यावर रंग धरत नाही.

पोकळ वाजणारा गिलावा, म्हणजे हातोडीने हलकं ठोकल्यावर बद्द आवाज देणारा, काढून टाका. नवा गिलावा दोन थरांत: पहिला १२ ते १४ मिमी, एकास चार (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), खरवडून खरबरीत ठेवलेला, दुसरा ६ ते ८ मिमी. सिमेंट जास्त घातलं की गिलावा पक्का होतो हा समज चुकीचा आहे. एकास दोनचा गिलावा आक्रसून जाळीदार भेगांनी भरतो. वॉटरप्रूफिंगचं द्रव्य बहुधा ५० किलोच्या गोणीला २०० मिली असतं, पण डब्यावरची मात्रा वाचून मोजूनच घाला. सात दिवस पाणी मारा. रंगाआधी २८ दिवस जाऊ द्या. शेवाळ आधी ओलं करून, ब्लीचच्या पाण्याने मारून मग घासा. कोरडं घासलं तर ते उडून दुसरीकडे रुजतं. मग ताणला जाणारा अ‍ॅक्रिलिक रंग, ज्याला दुकानात इलास्टोमेरिक म्हणतात, त्याचे दोन हात. डब्यावर एका लिटरमध्ये किती क्षेत्र होतं ते लिहिलेलं असतं. त्यावरून किती डबे लागतील ते आधी काढा आणि रिकामे डबे मोजून ठेवा. पातळ करून मारलेला चांगला रंग स्वस्त रंगाएवढाच निरुपयोगी असतो.

उघडा चिरा ठेवलेल्या भिंतींना वॉर्निश लावू नका. भारतीय मानक ३६२० चिऱ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा देतं, इतका तो सच्छिद्र आहे. वरून बंद केलेला चिरा आतल्या ओलीने पापुद्र्यासारखा सुटतो. सांधे १५ ते २० मिमी खरडून एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू अशा मालाने दर्जा भरा, म्हणजे सांधे पुन्हा बुजवा, आणि भिंत पुरती वाळल्यावर सिलेन-सिलोक्सेन जातीचं, भिंतीला श्वास घेऊ देणारं द्रव्य मारा. ते भेगा बुजवत नाही, म्हणून दर्जा आधी. तुमच्या आवारात चुन्याच्या गिलाव्याचं जुनं घर असेल तर त्यावर सिमेंटचा हात फिरवू नका, चुनाच वापरा.

आतून रंग का नको, ते सांगतो. बाहेरून पाणी येत राहिलं आणि आतला पृष्ठभाग बंद केला, तर भिंतीला वाळायला वाट उरत नाही. पाणी रंगामागे साठतं, क्षार तिथेच स्फटिक होतात आणि रंग पुट्टीसकट उचलला जातो. जिप्समचा गिलावा असेल तर तो मऊ पडून सुटतो. ओली भिंत वाळायला वेळही लागतो: ढोबळ हिशेब इंचाला एक महिना. नऊ इंची भिंत एकाच बाजूने वाळत असेल तर नऊ महिने, दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर बरीच लवकर. आपल्याला कोरडे महिने मिळतात ते ऑक्टोबरअखेर ते मे. बाहेरचं काम नोव्हेंबर ते जानेवारीत संपलं तरच मेपर्यंत आतली बाजू रंगवण्याजोगी होते. एप्रिलमध्ये सुरू झालेलं काम ओल्या भिंतीवर किंवा कच्च्या गिलाव्यावर रंग मारूनच संपतं. चवथीला घर उजळायचंच असेल तर त्या एका भिंतीवर चुन्याचा हात द्या, कपाट तीन इंच पुढे ओढा आणि प्लास्टिक पेंट पुढच्या वर्षावर ठेवा.

एक इशारा. छज्ज्याखाली किंवा बीमवर तांबूस ओघळ, सळईच्या रेषेत भेग किंवा सुटलेलं काँक्रीट दिसलं तर तो रंगाऱ्याचा विषय राहिला नाही. गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. त्यावर गिलावा करून झाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, आणि तोवर त्या छज्ज्याखाली कोणाला उभं राहू देऊ नका.

म्हणून या वर्षीच्या सर्वसाधारण सभेपुढे दोन वेगळे ठराव ठेवा. पहिला तपासणीचा: जुलै-ऑगस्टमधल्या तारखांसह नोंदी व फोटो, नोव्हेंबरमधली पाण्याची चाचणी, आणि प्रत्येक फ्लॅटसमोर पाणी शिरण्याची जागा लिहिलेला तक्ता. ही तपासणी करणारा आणि पुढे काम घेणारा एकच नको. दुसरा ठराव कामाचा, त्या तक्त्यावर आधारलेला. निविदेत 'संपूर्ण वॉटरप्रूफिंग' अशी एक ओळ चालवून घेऊ नका. भेगा धावत्या मीटरमध्ये, खिडक्या नगावर, गिलावा आणि रंग चौरस मीटरमध्ये, असं मोजमाप मागा. दहा वर्षांच्या गॅरंटीच्या कागदाऐवजी बिलाची १० टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा, आणि ती सोडण्याआधी ऑक्टोबरमध्ये तोच तक्ता हातात घेऊन फ्लॅटवार पाहणी करा.

कळावे,
आपले,
इमारत दुरुस्तीच्या कामातील काही अभियंते, गवंडी व रंगारी
गोवा